सात पिढ्या, शिफ्ट डिलीट

घरच्या कॉम्प्युटरवरची फाइल उडाली की पहिलं काम एकच: काहीही न करणं. मशीन बंद करायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं. नागपुरात मनीषनगरच्या माणसाला हे एके काळी छान जमायचं. रेल्वेचं फाटक पडलं की मालगाडी, मग एक्स्प्रेस, मग पुन्हा मालगाडी अशी वरात पाहत आम्ही स्कूटर बंद करून निमूट उभे असायचो. पुढे उड्डाणपूल झाला, वर्धा रोडवर डोक्यावरून मेट्रो धावू लागली आणि थांबायची विद्या आमच्या वस्तीतून लोप पावली.

आमच्याकडे उडाला तो कुळवृत्तांत. बाबा रिटायर झाल्यापासून तो टाइप करून राहिले होते. सात पिढ्या, त्यांच्या सोयरिकी, कोण दत्तक गेलं, कोणाचं वावर कोणी खाल्लं, सगळं श्रीलिपीत. सुट्टीत भाचा आला. सी ड्राइव्ह लाल झालेली पाहून त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. "मामा, किती कचरा भरून ठेवला!" म्हणत त्याने 'न्यू फोल्डर 3' शिफ्ट दाबून डिलीट केलं. शिफ्ट दाबलं की फाइल रिसायकल बिनमध्ये टेकायलासुद्धा थांबत नाही. संध्याकाळी बाबा चष्मा पुसून टेबलाशी बसले आणि आतून हाक आली, "अरे, आपले पूर्वज कुठे गेले?"

खरं तर पूर्वज जागचे हललेले नसतात. विंडोज आपल्या रजिस्टरात 'ही जागा रिकामी' एवढीच नोंद करतं. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं तरी म्हातारा वावरात खाट टाकून बसलेलाच असतो, तसं. धोका हा की कागदावर जागा रिकामी दिसते आणि येईल तो तिथे कुंपण घालतो. नवं डाउनलोड, अपडेट, ब्राउझरने गुपचूप साठवलेलं एखादं चित्र, कोणीही.

आमच्याकडे कुंपण घालायला रांग लागली. भाच्याने फाइल शोधायचं सॉफ्टवेअर त्याच सी ड्राइव्हवर उतरवलं. ते पैसे मागायला लागलं म्हणून दुसरं उतरवलं. मेव्हणा म्हणाला, "असं नसते करत," आणि त्याच मशीनवर यूट्यूब लावून बसला. वरच्या मजल्यावरचे काका टॉवेल गुंडाळूनच खाली आले. "डीफ्रॅग मारा भाऊ, सगळं वर येते." डीफ्रॅग म्हणजे विखुरलेले तुकडे उचलून रिकाम्या जागेत नीट मांडणं, म्हणजे नेमकं आमच्या पणजोबांच्या छातीवर. प्रत्येकाचं पालुपद एकच: "करून पाहायला काय जाते?" जाते ना! तेच तर जाते!

शेवटी आईने मेन स्विच पाडला. तिला कुळवृत्तांताचं काही पडलेलं नव्हतं. गर्दीचा चहा करून ती कंटाळली होती. पण त्या दिवशी घरात झालेलं बरोबर काम तेवढंच.

मोठ्या घरीही हे होतं. 1998 साली पिक्सारमध्ये कोणीतरी भलतीच कमांड दिली आणि 'टॉय स्टोरी 2' या सिनेमाचा बहुतेक ऐवज पुसला गेला. बॅकअप पाहिला तर तोही कामाचा निघाला नाही. तिथल्याच गॅलिन सुसमन या बाई बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या मशीनवर प्रत सापडली. ते मशीन ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीतून जपून आणलं. आमची हार्ड डिस्क आईच्या शालीत गुंडाळून ॲक्टिव्हावरून भाच्याच्या मित्राकडे गेली.

मित्र शहाणा. त्याने डिस्क बाहेरून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि फोटोरेक नावाचा फुकटचा प्रोग्रॅम लावला. हा प्रोग्रॅम नावं बघत नाही. डिस्कचा कानाकोपरा चाळतो, फाइलच्या सुरुवातीची खूण ओळखतो आणि सापडेल ते बाहेर काढतो. त्यामुळे मिळतं ते सगळं बेवारस, नावाच्या जागी नुसते आकडे. आमची डिस्क जुनी, फिरती, म्हणून निदान आशा होती. एसएसडी असती तर तिने रिकामी जागा बहुधा आपणहून साफ करून टाकली असती. रात्रभर चाळण झाली. गुलाबाचे 'शुभ सकाळ' निघाले, विजेची बिलं निघाली, मेव्हण्याचा लग्नाआधीचा बायोडाटा निघाला, त्यात त्याची उंची आजच्यापेक्षा दोन इंच जास्त होती. आणि पहाटे कुळवृत्तांत निघाला.

उघडला तर पानभर रोमन अक्षरं, कोणाच्या डोक्यावर टोपी, कोणाला शेपूट. जुन्या श्रीलिपीत तसंच असतं: आत कोड परकीय, मराठीपण सगळं फॉन्टमध्ये. आणि त्या लॅपटॉपवर फॉन्टच नव्हता. मित्राने अदबीने विचारलं, "आजोबा, फ्रेंच आहे का?" बाबा म्हणाले, "नाही. उमरेडचे आहेत."

घरच्या मशीनवर फॉन्ट लागला आणि पणजोबा मराठी बोलू लागले. शेवटची काही पानं मात्र गेलीच; ती त्या यूट्यूबने खाल्ली असा बाबांचा संशय. त्यात नेमकी ती चुलत शाखा होती, जिच्याशी वावराचा दावा चालला होता. ती पुन्हा टाइप करायची बाबांना अजिबात घाई नाही.

बाकी कुळवृत्तांत आता युनिकोडमध्ये करून पेन ड्राइव्हवर ठेवला आहे, गूगल ड्राइव्हवर आहे आणि बाबांच्या हट्टापायी बर्डीहून बाइंडिंग करून कागदावरही आहे. भावकीतल्या कोणाला पाहायचा असेल त्यांनी खुशाल घरी यावं. चहा मिळेल. कॉम्प्युटरला हात लावू नये.