बटणावरचं सोयाबीन

स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा ‘फार्मिंग सिम्युलेटर’ 2008 पासून जगाला शेती खेळवतो आहे. धाराशिवच्या खेळाडूनं गुण द्यायचे तर ट्रॅक्टर हुबेहूब, सोयाबीनही आहे. नोव्हेंबर 2024 च्या आवृत्तीत तर भात आणि म्हशीसुद्धा आल्या.

खोट एकच. खेळ फार सोपा आहे.

कर्ज बटण दाबलं की मिळतं. ना सातबारा, ना जामीनदार. माल विकायला न्या, ओलावा जास्त म्हणून कुणी भाव पाडत नाही. नव्या आवृत्तीत गारपीट आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन नुकसान बंद करता येतं. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा-भूमच्या शिवारात पुराचं पाणी घुसलं, तेव्हा ते सेटिंग कुणालाच सापडलं नाही.

पंचनाम्याची लेव्हल मात्र कंपनीनं अजून बनवलेली नाही.