मशीन बसलंय

सोलापुरातल्या एखाद्या छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत फोन लावा आणि विचारा, "आमचं गाणं झालं का?" उत्तर तयार असतं: "मशीन बसलंय." सांगणाऱ्याच्या आवाजात दुःखाचा लवलेश नसतो. उलट, पाव्हणे सुखरूप पोचल्याची खबर द्यावी तसा समाधानी सूर असतो.

गिऱ्हाइकं यावर चडफडतात. आमचा मात्र बसलेल्या कॉम्प्युटरला जाहीर पाठिंबा आहे. स्टुडिओत सगळ्यांच्या उपयोगी पडणारी वस्तू ती एकच. माइक फक्त गायकाच्या कामाचा. हेडफोन एकाच कानाच्या कामाचा, कारण दुसरी बाजू कधीच गेलेली. बसलेलं मशीन मात्र गायक, कवी, वादक, मालक आणि पैसे बुडवणारा अशा सर्वांची अब्रू सारख्याच निष्ठेनं झाकतं.

हा बिघाड आपोआप होतो असं समजू नका. त्यामागे मेहनत आहे. पूर्व भागात, अशोक चौकाच्या मागच्या एका बोळात, खाली टॉवेलचे माग आणि वर स्टुडिओ अशी एक जागा आम्हाला ठाऊक आहे. एप्रिल-मे म्हणजे पारा ४० च्या वर, कधी ४३. गायक माइकसमोर उभा राहिला की एसी बंद करायचा, कारण माइक आधी एसीची घरघर टिपतो, गायकाला मागाहून. पंखाही बंद. खोली एकच असल्यानं कॉम्प्युटर तिथंच घाम गाळत बसलेला. तो तापला की त्याचा आतला पंखा भिरभिरतो आणि भक्तिगीतात हेलिकॉप्टर उतरतं. यावर मालकांनी उपाय शोधला. सीपीयूच्या डब्यावर त्यांनी सोलापुरी चादर पांघरली. भौगोलिक मानांकन मिळालेली, अस्सल. पुण्या-मुंबईचे स्टुडिओवाले आवाज शोषणाऱ्या फोमला पैसे मोजतात. आमच्याकडे चारी भिंतींवर चादरी आहेत आणि कॉम्प्युटरच्या अंगावर पाचवी.

चादरीखाली प्रोसेसर शंभर अंशांकडे निघाला की तो जीव वाचवायला स्वतःची चाल मंद करतो. चाल मंदावली की गाण्यात कडकड येते. कडकड आली की मालक म्हणतात, "माइक बदलाय पाहिजे." आणि नवा माइक येतो. पुढच्या कडकडीला निळ्या-जांभळ्या दिव्यांची माळ येते. त्यानंतर सोफा. चादर हलत नाही.

मागच्या उन्हाळ्यात हार्डवेअरवाल्यानं तो डबा उघडला तेव्हा आम्ही हजर होतो. खालच्या मागांवरून उडालेलं तूस जिन्यानं वर येतं आणि थेट पंख्यात शिरतं. प्रोसेसरच्या जाळीवर करड्या सुताचा एक सलग थर बसलेला होता, एकसारख्या जाडीचा, कडा सरळ. त्यानं तो दोन बोटांनी अलगद सोडवून उजेडात धरला.

"नॅपकिन झालंय की बे," तो म्हणाला.

मग त्यानं रॅमची पट्टी काढली, खिशातून शाळकरी खोडरबर काढलं, पट्टीचे सोनेरी दात घासले, फुंकर मारली, पट्टी परत दाबून बसवली. कॉम्प्युटर एकदा बीप करून सुरू झाला. चारशे रुपये. खोडरबर पाच रुपयांचं, असं कुणीतरी पुटपुटलं. "कुठं घासायचं ते ठाऊक असायचे उरलेले," हार्डवेअरवाला म्हणाला आणि नॅपकिन तिथंच ठेवून गेला.

विजेचा हिशेब वेगळा. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं केंद्र आहे. वीज आमच्याच जिल्ह्यात जन्मते, पण बोळात शिरेपर्यंत तिला धाप लागते. खालचे माग एकदम सुरू झाले की वरचे दिवे मान टाकतात. अर्थिंगची तार खिडकीच्या गजाला बांधली आहे. गज भिंतीत आहे, भिंत जमिनीत आहे, तेव्हा तत्त्वतः आक्षेप घ्यायला जागा नाही. त्यामुळे प्रत्येक ध्वनिमुद्रणाखाली ५० हर्ट्झची गुणगुण अखंड चालू असते. जाणकारांनी नोंद घ्यावी: ही गुणगुण पांढरी पाचच्या किंचित वर आणि काळी चारच्या खाली पडते, म्हणजे कुठल्याच पट्टीत नाही. आमच्या गायकांची तीच पट्टी आहे. तानपुऱ्याचा खर्च वाचतो.

यूपीएसही आहे. बॅटरी कधी बदलली हे मालकांच्या वडिलांना विचारावं लागेल. वीज गेली की तो दोन मिनिटं पिंपिं करून मान टाकतो. आषाढीसाठी केलेल्या एका विठ्ठलगीतात ती पिंपिं राहून गेली. पंढरपूरला जाणाऱ्या दिंडीतल्या मंडळींनी टेम्पोवर ते गाणं ऐकलं आणि "टाळ काय वेगळाच वाजवलाय" म्हणून वाखाणणी केली. आता तो आवाज मुद्दाम घालतात.

आता फायदे. गायकाचं घ्या. कॉम्प्युटर दमला की रेकॉर्डिस्ट बफर वाढवतो. १२८ सॅम्पलचा बफर असला तर आवाज हेडफोनात यायला ३ मिलिसेकंद लागतात, १०२४ केला तर २३. तेवढ्या वेळात ध्वनी आठेक मीटर चालून जातो; म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज बोळापलीकडच्या गच्चीवरून कुणी गातंय असा ऐकू येतो. ताल चुकला तर, "लेटन्सी आहे." कारण शास्त्रशुद्ध आहे, आम्ही मान्य करतो. अडचण एवढीच की हेच गृहस्थ गुरुवारच्या भजनात, जिथं कॉम्प्युटर सोडा, हार्मोनियमचा भातासुद्धा धड नाही, तिथंही तेवढेच मागे असतात. परवा त्यांनी तिथंही पेटीवाल्याकडे बघून "लेटन्सी" म्हटलं, आणि पेटीवाल्यानं माफी मागितली.

कवीनं दुसरं कडवं लिहिलेलंच नसतं. फाइल करप्ट झालेली असते. ढोलकीवाला त्याच तारखेला बार्शीच्या लग्नात अडकलेला असतो. ड्रायव्हर सापडत नसतो, म्हणजे साउंड कार्डाचा. मालकांनी १४ एप्रिलच्या भीमगीतांसाठी एकाच रात्रीचा ॲडव्हान्स तीन मंडळांकडून घेतलेला असतो. मशीन बसलं नाही तर त्यांनी काय करावं?

पूर्वीची पद्धत फार निर्दय होती. १९०२ साली गौहर जान यांनी कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या भोंग्यापुढे तोंड करून गाणी दिली, तेव्हा आवाज विजेविना थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जायचा. तीनेक मिनिटांत गाणं संपवायचं. चुकलं तर तबकडी वाया आणि दोष गाणाऱ्याचा. सोलापूरच्या शाहीर राम जोशींना किंवा बार्शीच्या शाहीर अमर शेखांना तर भर सभेत दोष द्यायला एक रॅमसुद्धा उपलब्ध नव्हती. त्यामुळे त्यांना गाता येणं भाग पडलं.

बसलेल्या मशीनची खरी कसोटी २०२६ च्या जानेवारीत लागली. महापालिकेची निवडणूक २०१७ नंतर थेट तेव्हा आली. मतदान १५ तारखेला, आणि गड्डा यात्राही त्याच आठवड्यात. एका इच्छुकानं प्रचारगीत सांगितलं. त्यांचा पक्ष विचारू नका, डिसेंबर संपेपर्यंत तो त्यांनाही नक्की ठाऊक नव्हता. पहिल्या पक्षाचं चिन्ह घालून गाणं झालं आणि तिकीट दुसऱ्याला गेलं. दुसऱ्या पक्षाचं चिन्ह लांबलचक. ते पहिल्या चिन्हाच्या जागेत कोंबताना गायकाचा श्वास गेला. तिथंही तिकीट कापलं. अखेर अपक्ष म्हणून कपबशी मागितली, आणि ती कुठल्याच मात्रेत मावेना. तुकडे पंच-इन करून करून त्या ओळीची गोधडी झाली. तेवढ्यात उमेदवारांनी अर्ज मागं घेतला आणि मालकांनी बिल पाठवलं.

एरवी इथं मारामारी झाली असती. पण मशीन कामाला आलं. उमेदवारांनी पहिल्या पक्षाच्या नेत्याला सांगितलं, "सायेब, तुमचंच गाणं आधी केलतं, मशीन बसलं." दुसऱ्याला तेच. मतदारांनाही तेच. मालकांना म्हणाले, "मशीनच बसलं म्हणल्यावर पैसे कशाचे?" मालकांनी मान डोलावली, कारण तोवर ते गाणं कपबशी काढून, दुसरं नाव घालून, शेजारच्या प्रभागात विकलं गेलं होतं.

बॅकअप घ्या असं शहाणी माणसं सांगतात. मालक बॅकअप घेतात: सी ड्राइव्हचा डी ड्राइव्हवर. दोन्ही एकाच हार्ड डिस्कवर. ती डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर पळते. सोलापुरात इतक्या वेगानं दुसरं काही होत नाही. वाचणारं टोक तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं आणि खाली दिवसभर माग दणकत असतात. शेवटी डिस्क टकटक करू लागली. ढोलकीवाल्यानं डोळे मिटून ठेका धरला. चांगल्या चार आवर्तनांनंतर ती थांबली, आणि तिच्याबरोबर नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाची सगळी तेलुगू गाणी गेली.

आम्ही मालकांना धीर देण्यासाठी पिक्सारचं उदाहरण दिलं. १९९८ साली 'टॉय स्टोरी २' तयार होत असताना कुणाच्या तरी एका आज्ञेनं चित्रपटाच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या, आणि बॅकअप बघायला गेले तर तोही नीट चालत नव्हता. एका तांत्रिक दिग्दर्शिकेनं बाळंतपणानंतर घरून काम करता यावं म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर प्रत ठेवली होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून जपून ऑफिसात आणला, म्हणून चित्रपट वाचला. मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बघा," ते म्हणाले, "त्येनीबी चादरच वापरली की."

गोष्ट इथंच थांबती तर बरं होतं. पण मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून आला. त्यानं नवं मशीन आणलं, त्यात फिरणारी डिस्कच नाही. अंगणात खड्डा खणून खरं अर्थिंग घातलं. स्टॅबिलायझर बसवला, कॉम्प्युटर पलीकडच्या खोलीत हलवला, भिंतीला भोक पाडून तारा आणल्या. गुणगुण गेली. कडकड गेली. बफर ६४ वर.

पहिल्या दिवशी गायकांनी एक अंतरा गायला आणि स्पीकरवर ऐकला. बराच वेळ ते स्पीकरकडे बघत राहिले. "हे असंच येणार का?" त्यांनी विचारलं. मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही गायलात तसंच येतंय." त्यांनी नवा माइक मागितला. मग घशाचं कारण सांगून गेले ते गेलेच. कवीला मंगळवारी कडवं मागितलं आणि मंगळवारीच द्यायला लावलं; तो आता फोन उचलत नाही. मंडळांच्या कार्यकर्त्यांना ठरल्या दिवशी गाणं मिळू लागलं, त्यामुळे ठरल्या दिवशी पैसे देण्याचा बाका प्रसंग त्यांच्यावर येऊ लागला. महिन्याभरात समोरच्या बोळातल्या स्टुडिओत रांग लागली. तिथलं मशीन आठवड्यातून दोनदा बसतं.

परवा आम्ही गेलो तेव्हा मुलगा बाहेर गेलेला होता. मालक नव्या सोफ्यावर बसून हलक्या आवाजात हार्डवेअरवाल्याशी फोनवर बोलत होते.

"ते नॅपकिनवालं जुनं मशीन दिलास का बे कुणाला? ... नाय दिलास? मग ऱ्हाऊ दे तिकडंच. पोरगं शनिवारी पुण्याला जालालंय. रॅम तेवढी काढून आण."