टीव्हीतून आलेले नातेवाईक

डिसेंबर 2023 मध्ये मुग्धा वैशंपायन आणि प्रथमेश लघाटे यांचं लग्न झालं, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायका मुलीकडच्या झाल्या आणि उरलेल्या मुलाकडच्या. आमंत्रण अर्थातच एकीलाही नव्हतं. मुलगी अलिबागची, मुलगा रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा, म्हणजे दोन्ही घरं कोकणातली, दोघंही गाणारी, तेव्हा स्थळात खोट काढायला जागा नाही, असा निकाल जिन्यात उभ्या उभ्या लागला. "आपल्या डोळ्यांसमोर वाढली हो पोरं," असं म्हणत एका मावशींनी पदर डोळ्यांना लावला. याच मावशींना समोरच्या ब्लॉकमधला मुलगा सध्या कितवीत आहे, हे सांगता येत नाही. तो लिफ्टमध्ये भेटला की त्या त्याला "कोणाकडे जायचंय?" असं विचारतात.

टीव्हीवरच्या स्पर्धांबद्दल लिहिणारे बहुधा जिंकणं, हरणं, टीआरपी आणि बक्षिसाची रक्कम यांच्याबद्दल लिहितात. माझं मत जरा वेगळं आहे. या स्पर्धांनी देशाला गायक किती दिले, याचा हिशोब संगीतातल्या जाणकारांनी करावा. आपल्या घरांना त्यांनी नातेवाईक मात्र भरपूर पुरवले. तेही असे, की ज्यांच्याकडे दिवाळीला जावं लागत नाही आणि जे आपल्याकडे राहायला येत नाहीत.

'सा रे ग म प लिटल चॅम्प्स'चं 2008-09 चं पर्व आठवा. पल्लवी जोशी सूत्रसंचालनाला, परीक्षकांच्या खुर्च्यांवर अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, आणि समोर एकेक करून येणारी शाळकरी मुलं. पुण्याची आर्या आंबेकर, आळंदीची कार्तिकी गायकवाड, लातूरचा रोहित राऊत आणि वर सांगितलेली कोकणातली दोघं. ही पाच जणं शेवटपर्यंत टिकली आणि महाराष्ट्राने त्यांना 'पंचरत्न' म्हणून टाकलं. मुग्धा 'मॉनिटर' झाली, प्रथमेश 'मोदक' झाला, रोहित 'रॉकस्टार' झाला. माणूस घरातला झाल्याची पहिली खूण म्हणजे त्याला टोपणनाव मिळणं, हे मराठी माणसाला सांगायला नको. आमच्याकडे बारशाला ठेवलेलं नाव थेट लग्नपत्रिकेतच परत दिसतं.

त्या दिवसांत जेवणाची वेळ स्पर्धेनुसार ठरायची. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी हार्मोनियमला हात लावला नव्हता, ते लोक पोळीचा घास हातात धरून "दुसऱ्या अंतऱ्यात सूर किंचित चढा लागला" असं बोलू लागले. परीक्षकांनी 'नी' दिला की घरात हळहळ, 'वरचा सा' दिला की टाळ्या. आमचे एक काका तर मुलं गाऊन झाल्यावर परीक्षकांच्या आधी आपला निकाल देत आणि परीक्षकांचा वेगळा आला, की "यांना काही कळत नाही" म्हणून चॅनेल बदलण्याची धमकी देत. बदलत मात्र कधीच नसत. महापालिकेच्या निवडणुकीत ज्यांच्या बोटाला शाईचा ठिपका कधी दिसला नाही, त्या याच काकांनी आर्यासाठी एसएमएस पाठवता पाठवता मोबाइलचा बॅलन्स संपवला आणि मग काकूच्या फोनवरून पाठवले. काकू कार्तिकीच्या बाजूच्या होत्या. ही मतं कुठून गेली हे कळलं, तेव्हा त्या घरात काही काळ साधा 'नी'सुद्धा लागत नव्हता.

फेब्रुवारी 2009 मध्ये कार्तिकी जिंकली. निकालाला इतकी वर्षं होऊन गेली तरी काका अजून 'फेरमोजणी' हा शब्द वापरतात.

त्या कार्यक्रमाची एक गोष्ट मला इतर सगळ्यांपेक्षा मोठी वाटते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. वादकांना नाव मिळालं. तोवर वादक म्हणजे मंचाच्या मागच्या अंधारात बसलेली, काळे कपडे घातलेली मंडळी. कार्यक्रमाच्या शेवटी निवेदक घाईघाईत त्यांची यादी वाचणार आणि तेव्हा प्रेक्षक खुर्चीखाली चप्पल शोधत असणार. 'लिटल चॅम्प्स'मध्ये कमलेश भडकमकर, अमर ओक, सत्यजित प्रभू, अर्चिस लेले, नीलेश परब ही नावं लोकांना पाठ झाली. एखाद्या मुलाने अवघड जागा घेतली की कॅमेरा बासरीवाल्याच्या चेहऱ्यावर जायचा आणि त्या चेहऱ्यावरचं हसू हाच खरा निकाल असायचा. परीक्षकांना बोलावं लागतं, वादकांना फक्त मान डोलवायची असते, म्हणून त्यांचं जास्त खरं वाटतं. ढोलकीवर थाप पडल्याबरोबर आमच्याकडची म्हातारी माणसं "परब आला" म्हणायची. पु. लं.च्या पिढीला पेटीवाल्याचं आणि तबलजीचं कौतुक होतं. मधल्या काळात कॅसेट आली, कराओके आले आणि साथीदार दिसेनासा झाला. त्याला परत उजेडात आणण्याचं पुण्य एका स्पर्धेच्या पदरी पडावं, याची मौज वाटते.

स्पर्धेचं वेड आपल्याला टीव्हीने लावलं, असं मात्र कुणी म्हणू नये. ज्या मुलखात राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून आणि पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे, जिथे गणपतीत पाककृतीपासून पाठांतरापर्यंत कशाचीही स्पर्धा होते आणि प्रत्येक स्पर्धेनंतर परीक्षकांच्या नातेसंबंधांची चौकशी होते, त्या मुलखाला शिकवायचं काय? सिनेमावाल्यांनीही हे केव्हाच ओळखलं होतं. महेंद्र कपूर 1950 च्या दशकात मेट्रो-मर्फी स्पर्धा जिंकून पुढे आले. दूरदर्शनच्या 'मेरी आवाज सुनो'मध्ये सुनिधी चौहान लहान वयातच पहिली आली. टीव्हीने भर घातली ती एवढीच, की परीक्षकांच्या नातेसंबंधांची चौकशी आता देशभर एकाच वेळी होऊ लागली.

आता थोडं जिंकण्याबद्दल. 2005 साली सोनीवर 'फेम गुरुकुल' नावाचा कार्यक्रम होता. काझी तौकीर आणि रूपरेखा बॅनर्जी ही जोडी त्यात जिंकली. त्याच स्पर्धेत मुर्शिदाबादहून आलेला एक लाजरा मुलगा सहावा येऊन बाहेर पडला. त्याचं नाव अरिजीत सिंग. पुढे 2013 मध्ये 'आशिकी 2' आला आणि नंतरची काही वर्षं देशातल्या एकाही रिक्षात दुसरा आवाज ऐकू येईना. 'इंडियन आयडॉल'च्या दुसऱ्या पर्वात नेहा कक्कर शेवटच्या फेरीच्या जवळपासही पोहोचली नव्हती. नंतर ती त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून येऊन बसली आणि स्पर्धकांची कहाणी ऐकून रडू लागली. श्रेया घोषाल 'सा रे ग म'मधून दिसली, संजय लीला भन्साळींच्या आईने तिचं गाणं टीव्हीवर ऐकून मुलाला हाक मारली आणि 2002 च्या 'देवदास'ने बाकीचं काम केलं. एका आईने योग्य वेळी टीव्ही लावला होता, यावर हिंदी सिनेसंगीताचं किती अवलंबून होतं पाहा! नाहीतर त्या वेळी घराघरात आया मुलांना "बंद कर तो टीव्ही" म्हणत होत्या.

म्हणून सहाव्या नंबरवाल्यांना उगाच धीर देऊ नये आणि पहिल्या नंबरवाल्यांना उगाच घाबरवूही नये. विदर्भातल्या वैशाली माडेने 2009 मध्ये हिंदी 'सा रे ग म प' जिंकलं आणि पुढे 'बाजीराव मस्तानी'त श्रेयाच्या बरोबरीने ती 'पिंगा' गायली. कपिल शर्मा 2007 मध्ये लाफ्टर चॅलेंज जिंकला आणि आज त्याच्या सोफ्यावर बसल्याशिवाय हिंदी सिनेमा प्रदर्शित होत नाही. गणित असं काही नाहीच. करंडक कपाटात जातो आणि माणूस कामाला लागतो, किंवा लागत नाही.

अभिजीत सावंतचं मला म्हणूनच फार कौतुक वाटतं. मार्च 2005 मध्ये तो पहिला 'इंडियन आयडॉल' झाला, तेव्हा मुंबईच्या एका मराठी मुलाने देश जिंकला म्हणून आपण पेढे वाटले. नंतर काही वर्षांनी आपणच एकमेकांना विचारू लागलो, "अभिजीत सावंत सध्या काय करतो?" अमेरिकेला गेलेल्या भाच्याबद्दल विचारावं, तशा सुरात. काळजीही असते आणि फारसं बरं चाललेलं नसलं तर ऐकायला बरं वाटेल अशी बारीक इच्छाही असते. तो मात्र गात होता, कार्यक्रम करत होता. आपल्या टीव्हीवर दिसत नाही म्हणजे माणूस बेकार, असा आपला समज. 2024 मध्ये तो 'बिग बॉस मराठी'त आला, दुसरा आला, आणि काकूंनी "बरा दिसतोय हो, तब्येत सांभाळलीय" असं प्रमाणपत्र दिलं.

नातेवाइकांना वय वाढवायची परवानगी नसते, ही या नात्यातली अडचण. कार्तिकीने मंचावर काहीही गायलं, तरी मागच्या रांगेतून लहानपणच्या त्याच गवळणीची फर्माईश येते. आर्या 2017 मध्ये 'ती सध्या काय करते'ची नायिका झाली, तेव्हा "अगं, ही तर परवापर्यंत फ्रॉकमध्ये होती" असा गहिवर अनेकांना आला. रोहित 2020 मध्ये हिंदी 'इंडियन आयडॉल'च्या अंतिम फेरीत गेला आणि दुसरा आला, तेव्हाही आमच्याकडे चर्चा त्याच्या केसांची. पुढे 2021 मध्ये ही पाचही मुलं नव्या 'लिटल चॅम्प्स'मध्ये ज्युरी म्हणून बसली. नव्या पोरांना त्यांनी फार प्रेमाने सांगितलं, समजावलं. पाहणारे आम्ही मात्र अस्वस्थ. पोरं मोठी झाली याचा एकच अर्थ निघत होता आणि तो गुडघ्यांना आधीच माहीत होता.

अलीकडच्या कार्यक्रमांबद्दल एक तक्रार आहे, ती करून टाकतो. स्पर्धक गायला लागण्याआधी त्याची 'एव्ही' दाखवतात. गावचं घर, पत्र्याचं छप्पर, वडिलांचे कष्ट आणि पार्श्वभूमीला सारंगी. गरिबी खरी असते, कष्टही खरे असतात. पण सारंगी इतकी पुढे असते की मुलगा गायला लागेपर्यंत प्रेक्षक आधीच हरलेला असतो. मग त्याच्या गाण्याला वाईट म्हणायची सोय कुणाकडेच उरत नाही. 2021 मध्ये 'इंडियन आयडॉल'मधल्या किशोरकुमारांच्या गाण्यांच्या भागाला त्यांचे चिरंजीव अमित कुमार पाहुणे होते. सगळ्यांची स्तुती करायची असं आपल्याला सांगितलं होतं, हे त्यांनी नंतर मुलाखतीत सांगून टाकलं आणि मोठा गहजब झाला. मला गहजबाचं नवल वाटलं. नातेवाइकांच्या मुलाने पाहुण्यांसमोर गाणं म्हटल्यावर "छान" याशिवाय दुसरं काही बोलायचं नसतं, हे आपण सगळे जाणतोच की.

तर मुद्दा नात्याचा. ज्याला आपण घरचा म्हणतो, त्याला पैसे द्यायची आपल्याला सवय नाही. या मुलांचं घर करंडकावर चालत नाही. ते चालतं गावोगावच्या कार्यक्रमांवर. गणेशोत्सव, दिवाळी पहाट, एखाद्या पतसंस्थेचा वर्धापनदिन, नाट्यगृहातली संध्याकाळ आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांची अधिवेशनं. तिथे वादकांना मानधन असतं, ध्वनिव्यवस्था असते, नाट्यगृहाचं भाडं असतं आणि गायकाचा रियाज असतो, ज्याचं बिल कुणी लावत नाही. आणि आपण काय करतो? कार्यक्रमाची जाहिरात पाहिली की आयोजकाच्या ओळखीचा माणूस शोधतो. "दोन पास मिळतील का हो? आम्ही लहानपणापासून बघतोय तिला." काका तर या वाक्यात "आम्ही मतंही दिली होती" अशी भर घालतात.

वाचकहो, तुमच्या गावात यांच्यापैकी कुणाचा कार्यक्रम लागला, तर ओळख काढू नका. रांगेत उभे राहा, तिकीट काढा, जमलं तर पुढच्या रांगेचं काढा. आणि गवळणीची फर्माईश मध्यंतरानंतर करा.