तात्यांचं आजोळ

महाराष्ट्राने डोनाल्ड ट्रम्प यांना केव्हाच 'तात्या' करून टाकलं आहे. नातं जोडताना कुंडली बघायची तेवढी राहून गेली. बघितली असती तर तात्या थेट कोकणातले निघाले असते. वडील बिल्डर. आई समुद्रकाठच्या खेड्यातली, थोडी शेती आणि थोडी मासेमारी करणाऱ्या घरातली. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचं टाँग हे तिचं गाव. घरात गेलिक बोलायचे, इंग्रजी काय ती शाळेत. १९३० मध्ये, अठराव्या वर्षी, ती बोटीत बसून न्यूयॉर्कला गेली आणि लोकांच्या घरी कामाला लागली. म्हणजे शुद्ध चाकरमानीण. आता चाकरमान्यांची पोरं काय करतात हे आम्हा देवगडजवळच्या जामसंडेकरांना कोणी शिकवायला नको. चार पैसे गाठीला लागले की गावाकडे येतात, सड्यावर समुद्राकडे तोंड करून उभी राहतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि विचारतात, "ही जागा कोणाची हो?"

तात्यांनी हा प्रश्न स्कॉटलंडमध्ये विचारला तो २००६ साली. आजोळ लुईसला आणि जागा पार दुसऱ्या टोकाला, ॲबर्डीनजवळच्या मेनीला. असू दे. मुंबईकराला सावंतवाडी आणि देवगड एकच वाटतं, तसंच ते.

पण जागेत हात घालायच्या आधी नगरपालिका शिकावी लागते. ती विद्या तात्यांना घरातून मिळाली. थोरले ट्रम्प, फ्रेड, ब्रुकलिन आणि क्वीन्समध्ये चाळीवजा इमारती बांधून मोठे झाले. पक्षाच्या स्थानिक मंडळींत त्यांची ऊठबस. १९७४ साली ब्रुकलिनचेच एब बीम न्यूयॉर्कचे महापौर झाले, आणि ते घरोब्यातले. पुढे १९७६ मध्ये धाकट्या ट्रम्पना मॅनहॅटनमधलं जुनं कमोडोर हॉटेल नवं करायला मिळालं, सोबत शहराची करसवलत. किती वर्षांची? चाळीस. आमच्याकडे दोन खोल्यांची घरपट्टी थकली तर नळ तोडायची नोटीस दारावर लागते. चुकतं कुठे, तर आपण घर बांधतो. हॉटेल बांधायला हवं, तेही शहर कर्जात बुडालेलं असताना, आणि शहरावर उपकार करतोय अशा चेहऱ्याने.

खरं ते सांगितलं पाहिजे, एक काम त्या माणसाने चोख केलं. सेंट्रल पार्कात वोलमन रिंक नावाचं बर्फावर घसरायचं मैदान आहे. पालिकेने ते १९८० मध्ये दुरुस्तीसाठी बंद केलं. सहा वर्षं गेली, सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर गेले, बर्फ काही गोठेना. १९८६ मध्ये तात्यांनी ते अंगावर घेतलं आणि चारेक महिन्यांत, ठरल्यापेक्षा कमी खर्चात करून दाखवलं. पालिकेचं नाक कापलं गेलं. आपल्याकडे असं कधी घडणार नाही. आपला ठेकेदार चार महिन्यांत काम करणार नाही असं नव्हे. मनात आणलं तर करेल. पण मग सुधारित अंदाजपत्रक कशाचं करायचं? मुदतवाढ कोणाला द्यायची? नगरपंचायतीच्या सभेत बोलायला विषय काय उरेल? तात्यांनी मात्र त्या चार महिन्यांवर पुढची तीस वर्षं काढली. एक मैदान दुरुस्त केलं, म्हणून देश दुरुस्त करायला निघाले.

आता गोल्फ. हा खेळ आमच्याकडे फारसा कोणी पाहिलेला नाही, म्हणून एवढं सांगतो: दीडएकशे एकर हिरवळ, तीत अठरा भोकं, प्रत्येक भोक १०८ मिलिमीटरचं. ती हिरवळ बारमाही हिरवी ठेवायची. पाणी कुठून, हे विचारायचं नाही. आमच्या जामसंड्यात एप्रिल-मेमध्ये दहिबावचं पाणी नळाला आज येणार की उद्या, यावर पैजा लागतात. तिथे हिरवळीला रोज पाणी पाजायचं म्हटलं तर आधी माणसांना दुसरीकडे हलवावं लागेल. स्कॉटलंडच्या एका राजाने १४५७ मध्ये गोल्फवर बंदी घातली होती, लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून चेंडूमागे जातात म्हणून. राजा दूरदृष्टीचा होता, पण त्याच्या बंदीचं पुढे तेच झालं जे आपल्याकडे वाळूउपशाच्या बंदीचं होतं.

गोल्फ आणि नगरपालिका यांचा संगम बघायचा असेल तर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जावं. फेरी पॉइंट म्हणून जागा आहे. मुळात कचरा डेपो. शहराने त्या डेपोवर माती टाकून, गवत लावून, १२ कोटी डॉलरहून जास्त खर्चून गोल्फचं मैदान तयार केलं आणि चालवायला तात्यांना दिलं. २०१५ मध्ये ते उघडलं. पहिली चार वर्षं शहराला भाडं शून्य. २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनावर तात्यांच्या समर्थकांचा जमाव चालून गेला, तेव्हा महापौरांनी करार मोडला. २०२२ मध्ये कोर्ट म्हणालं, असा मोडता येत नाही. २०२३ मध्ये तात्यांच्या कंपनीने तो करारच कॅसिनोवाल्यांना ६ कोटी डॉलरला विकला. पुन्हा वाचा. कचरा शहराचा, जमीन शहराची, पैसा शहराचा, आणि विकायला गेले ते तात्या. आमच्या नगरपंचायती ओला वेगळा, सुका वेगळा करत बसल्या आहेत. घनकचऱ्याचं सोनं करतात म्हणजे काय करतात, याचा अभ्यासदौरा काढायचा तर तो इंदूरला नको, ब्राँक्सला काढा. सदस्य संख्या सतरा, अधिक सपत्नीक.

मेनीची गोष्ट मात्र अगदी घरची वाटते. तिथे समुद्राला लागून पुळण, वाऱ्याने सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या, आणि त्यातला काही भाग सरकारने संरक्षित केलेला. तात्यांनी घोषणा केली: १०० कोटी पौंड आणू, ६,००० लोकांना काम देऊ, मोठं हॉटेल बांधू. प्रस्ताव स्थानिक परिषदेच्या समितीपुढे आला, २००७ च्या नोव्हेंबरात. मतं पडली सात विरुद्ध सात. अध्यक्ष मार्टिन फोर्ड यांनी निर्णायक मत दिलं ते विरोधात. आठ-पंधरा दिवसांत फोर्ड यांचं अध्यक्षपद गेलं, फाईल वरच्या सरकारने आपल्याकडे ओढून घेतली आणि पुढच्या नोव्हेंबरात मंजुरी मिळाली. वाचून आमच्या नाक्यावर कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की तिकडे यासाठी वर्ष लागतं?

बरोबरीची मतं आम्हाला नवी नाहीत. २०२२ च्या जानेवारीत देवगड-जामसंडे नगरपंचायतीचा निकाल लागला तेव्हा भाजप ८, शिवसेना ८ आणि राष्ट्रवादी १. तेव्हा शिवसेनाही एकच होती आणि राष्ट्रवादीही एकच. त्या एका जागेला जी किंमत आली ती तालुक्यात कधी कलमाच्या बागेलाही आली नसेल. गोल्फमध्ये एका फटक्यात चेंडू भोकात गेला तर त्याला होल-इन-वन म्हणतात आणि खेळणारा सगळ्यांना पार्टी देतो. आमच्याकडे तो एकच निवडून आला आणि पार्टी द्यायला मात्र दोन्हीकडचे तयार.

तात्यांचं स्कॉटलंडमधलं खरं भांडण दोघांशी झालं, पवनचक्क्यांशी आणि मायकेल फोर्ब्स नावाच्या शेतकऱ्याशी. मैदानासमोरच्या समुद्रात अकरा पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या. तात्या म्हणाले, देखावा बिघडतो, पर्यटन बुडेल. २०१२ मध्ये स्कॉटिश संसदेच्या समितीने विचारलं, याला पुरावा काय? तात्या म्हणाले, पुरावा मी. हे उत्तर आमच्या प्रत्येक नगरसेवकाने पाठ करावं, माहितीच्या अधिकारातल्या निम्म्या अर्जांचा निकाल तिथल्या तिथे लागेल. प्रकरण पुढे कोर्टात गेलं, २०१५ मध्ये तात्या सर्वोच्च न्यायालयातही हरले. नशीब त्यांना देवगडची जागा कोणी दाखवली नाही. इथे पवनचक्क्या बघायला लोक पोराबाळांना घेऊन येतात, भेळ खातात आणि पर्यटन झालं असं समजून घरी जातात.

फोर्ब्स हा सॅल्मन मासे धरणारा आणि थोडी शेती करणारा माणूस. त्याची जागा मैदानाच्या कडेला येत होती. तात्यांनी पैसे देऊ केले, हा नाही म्हणाला. तात्यांनी त्याच्या घराला उकिरडा म्हटलं, तरी हा नाहीच म्हणाला. मग विरोधकांना भीती पडली, सरकार सक्तीने जागा घेईल. त्यांनी युक्ती काढली. फोर्ब्सकडून एक एकर विकत घेतला आणि त्यावर शक्य तितक्या लोकांची नावं मालक म्हणून चढवायची मोहीम उघडली. कल्पना अशी की इतके मालक झाले की प्रत्येकाला नोटीस द्यायची म्हणजे सरकारच दमेल. जगभर वाहवा झाली. केवढी कल्पकता!

अहो, ही कल्पकता आमच्याकडे पणजोबांच्या मृत्यूनंतर आपोआप होते.

सामाईक सातबारा स्कॉटिश माणसाने एकदा हातात धरून बघावा. आमच्या भागातला एक समोर ठेवतो. क्षेत्र दीड हेक्टर, त्यातलं बहुतेक पोटखराब, म्हणजे कातळ. नावांची रांग कागदाच्या पाठीमागे जाते. पहिलं नाव 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे एकत्र कुटुंब दिवाणी कोर्टात एकमेकांविरुद्ध उभं राहूनही जमाना झाला. चौथ्या ओळीत 'अ. पा. क. आई', म्हणजे वारस अज्ञान असून आई पालनकर्ती. हा अज्ञान मुलगा बेस्टमधून निवृत्त होऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन करून बसला आहे. काही नावांना कंस, काही नावं दोनदा, आणि 'इतर अधिकार'च्या रकान्यात एक कूळ, ज्याला कोणी पाहिलेलं नाही पण काढायला कोणी धजत नाही. यावर आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याचं भाष्य असं: "साठ नावां हत सातबाऱ्यार. त्येतले अर्धे मेले, पाच जण खंय हत ता कोणाक म्हायत नाय, आणि उरलेले एकमेकांच्या तोंडार बघणत नाय. ह्येच्यार गोल्फ करून दाखव म्हणा तात्याक."

भावकी हा आमचा शेवटचा किल्ला आहे. विजयदुर्ग पडला, हा पडला नाही.

पण किल्लेदार फितूर होतात, हाही इतिहास आहे. पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये सिंधुदुर्गाची द्वाही फिरली, चिपीला विमानतळ झाला, आणि कातळाला भाव आला. पोटखराबाला 'सी व्ह्यू' म्हणायची पद्धत पडली. मुखत्यारपत्र नावाचा कागद एजंटाच्या बॅगेत असतो, सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या केलेल्या. तेरेखोलच्या खाडीकडे बघा. तेरेखोल हे गोव्याचं गाव, पण नदीच्या अलीकडे, आपल्याच अंगाला. तिथे मोठ्या कंपनीचा गोल्फ आणि रिसॉर्टचा प्रकल्प आला. २०१५ च्या सुमारास काजूच्या झाडांवर यंत्रं आली, गावकरी आडवे झाले, वाद हरित लवादापर्यंत गेला. वाद लांबला तो पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळं होती म्हणून. मालकांचं काय, मालक कुठेही असतो.

आणि उंच जागी पोचलेले बिल्डर महाराष्ट्रातही आहेतच. मंगलप्रभात लोढा १९९५ पासून मलबार हिलचे आमदार, पुढे मंत्री, आणि त्यांनी स्थापन केलेल्या समूहाने वरळीत ट्रम्प टॉवर बांधला. त्यासाठी २०१४ च्या ऑगस्टमध्ये तात्या मुंबईला येऊन गेले. पुण्यात कल्याणीनगरला पंचशीलचे दोन टॉवर त्याच नावाचे. यात तात्यांची वीट नाही की वाळू नाही. ते फक्त नाव देतात आणि नावाचे पैसे घेतात. हे ऐकून आमच्या आंबा बागायतदारांनी कपाळावर हात मारला. 'देवगड' हे नाव कर्नाटकच्या आंब्याच्या पेट्यांवर वर्षानुवर्षं फुकट फिरतं आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता जामसंड्याच्या आंबा उत्पादक संस्थेने प्रत्येक फळाला सांकेतिक क्रमांकाचं स्टिकर चिकटवायला घेतलं आहे. एकेका आंब्याला ओळखपत्र. तात्यांना एका नावावर अख्खा टॉवर मिळतो, आम्हाला एकेका फळामागे शपथ घ्यावी लागते की हा आमचाच.

मेनीला पुढे काय झालं, तर २०१२ मध्ये मैदान उघडलं. मोठं हॉटेल झालं नाही, सहा हजार नोकऱ्यांचं कोणी नाव काढत नाही. २०२० मध्ये त्या पुळणीचा संरक्षित दर्जा काढून घेतला, कारण संरक्षण करण्यासारखं पुरेसं उरलं नव्हतं. २०२५ च्या जुलैमध्ये तात्या, आता राष्ट्राध्यक्ष म्हणून, तिथेच दुसऱ्या मैदानाचं उद्घाटन करून आले. फोर्ब्सने जागा दिलेली नाही.

आमच्याकडचे एजंट हुशार आहेत, ते गणपतीला येतात. हयात असलेले सगळे वाटेकरी एका छपराखाली सापडतात ते त्याच पाच दिवसांत. आरती आणि भजन यांच्या मधल्या वेळात, उसळीच्या वासात, मखराच्या बाजूला कागद फिरतो. मुंबईचे पुतणे सगळ्यात आधी सह्या करतात, त्यांना रात्रीची गाडी असते. असंच एकदा एका घरी म्हणे एकोणसाठ सह्या झाल्या. साठावी काकू चुलीपाशी होती. एजंटाने पेन पुढे केलं. तिने ओले हात पदराला पुसले, कागद उलटासुलटा बघितला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं विचारलं, "माज्या वाट्याचो फणस गेल्या वर्षी कोणी काढल्यान, ता आदी सांगा. मगे सही."