सात तोंडं, दोन डोकी

नाशिकमध्ये माणूस सहा लाख रुपयांपर्यंत 'अत्यल्प' असतो. वर्षाचे हो, महिन्याचे नव्हे. 2022 मध्ये शासनाने म्हाडाच्या घरांसाठी उत्पन्नगट नव्याने आखले, तेव्हा दहा लाखांवर वस्तीची महापालिका म्हणून नाशिकला मुंबई-पुण्याच्या पंगतीत पाट मिळाला. सहापर्यंत अत्यल्प, नऊपर्यंत अल्प, बारापर्यंत मध्यम. मनमाडला घर मागाल तर अत्यल्प साडेचारलाच संपतं. म्हणजे पाच लाख कमावणारा गृहस्थ मनमाडला पंचवटी एक्स्प्रेसमध्ये चढताना अल्प असतो आणि नाशिकरोडला उतरताना अत्यल्प होतो. एवढ्या स्वस्तात माणसाला गरीब करणारी दुसरी गाडी रेल्वेकडे नसावी.

केंद्राच्या आवास योजनेत हाच अत्यल्प, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, तीन लाखांवर थांबतो, आणि दहा टक्के आरक्षणाच्या वेळी आठ लाखांपर्यंत दम धरतो. असो. आमचं भांडण रुपयांशी नाही, डोक्यांशी आहे.

अंबडच्या कारखान्यातला एक फिटर घ्या. सिडकोत भाड्याच्या दोन खोल्या. त्यात तो, बायको, दोन मुलं, आई-वडील आणि विधवा आत्या. बायको डबे करते. ओव्हरटाइम धरून दोघांचे मिळून सहा लाख चार हजार झाले. शेजारच्या खोलीत एकटा राहणारा इंजिनिअर पाच लाख नव्वद हजारांवर आहे. इंजिनिअर अत्यल्प ठरला. फिटर घरच्या सहा माणसांसकट एक पायरी वर चढला.

अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात त्याने विचारलं, "ताई, माणसं किती ते कुठे लिहायचं?"

"काका, उत्पन्न फक्त नवरा-बायकोचं धरतात."

"आणि बाकीचे पाच?"

"ते तुमच्याकडेच राहू द्या."

रेशन दुकानदार असा हिशेब करत नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य. आत्याचा अंगठा लागला की आत्याचे पाच किलो. सरकारच्या तांदळाला जी आत्या दिसते, ती सरकारच्या चटईक्षेत्राला दिसत नाही. अमेरिकेसारख्या भोगवादी, कुटुंबव्यवस्था बुडालेल्या वगैरे देशात सरकारी मदतीच्या घरांची उत्पन्नमर्यादा ठरवताना चार माणसांचं कुटुंब पाया धरतात. एकट्याला त्या मर्यादेच्या 70 टक्के, आठ जणांना 132 टक्के. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणारे आपण, आणि सासू मोजतात तिकडे! 2027च्या सिंहस्थाला गोदाकाठी किती कोटी येणार याचा अंदाज आपल्याकडे आताच तयार आहे. फिटरच्या खोलीत झोपायला किती जण असतात, हे मात्र कुणी विचारत नाही.

फिटरने युनियनच्या पुढाऱ्याला गाठलं. "माझी पगारवाढ तेवढी मागे घ्या."

"दादा, तीन वर्षांनी करार झालाय, गेटवर फटाके फोडलेत. आता ते परत गोळा करू का?"

मग कुणी तरी त्याला सांगितलं, मर्यादेच्या आत राहायचं तर बिल्डरांकडून शीक. नियम असा की 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर इमले उठवले तर 20 टक्के घरं अत्यल्प-अल्प गटासाठी ठेवायची. नाशिकमध्ये ही घरं म्हाडाकडे पोचलीच नाहीत, असा आरोप 2022 साली खुद्द तेव्हाचे गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनीच केला. भूखंडाचे तुकडे पाडून आकडा 4,000च्या खाली ठेवण्याची युक्तीही चर्चेत आली. जमीन तेवढीच, मालक तोच, फक्त कागदावर मध्ये एक रेघ.

फिटरने रविवारी वही घेतली आणि कुटुंबात रेघा ओढून पाहिल्या. आई-वडील एका तुकड्यात, आत्या दुसऱ्यात, मुलं तिसऱ्यात. बेरीज केली. सहा लाख चार हजारच. हे पाच जण मुळात कुणी धरलेच नव्हते, त्यांना वजा करून काय कमी होणार? सोडतीच्या नियमांत त्याच्यासाठी एक सवलत आहे म्हणे: खालच्या गटातल्याला वरच्या गटातल्या घरासाठी अर्ज करता येतो. हप्ता झेपेल का, तो रकाना अर्जात नाही.