सायकलीला डोंगर पाहिजे

आमच्या जिल्ह्यात डोंगर नाही असं कुणी म्हणायचं नाही. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, आमच्याच जिल्ह्यात आहे. अडचण एवढीच, की क्षेत्रफळात राज्यात पहिला नंबर असलेल्या या जिल्ह्याच्या एका टोकाला अकोले तालुका आहे आणि दुसऱ्या टोकाला आमचं मिरजगाव. तिकडं भंडारदऱ्याला पाऊस छत्रीला जुमानत नाही. इकडं छत्री उन्हासाठी घेतात. तिकडं जंगल, दऱ्या आणि धुकं; इकडं माळ, नगर-सोलापूर रस्ता आणि त्यावरच्या ट्रकांनी उडवलेलं धुकं.

अशा गावात २०२० साली डोंगरात चालवायची सायकल आली.

माणूस गावचाच. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी, लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप आणि सायकल घेऊन आला तो राहिलाच. ही जमात आता बहुतेक तालुक्यांत सापडते. कुठं दाताचा डॉक्टर असतो, कुठं प्लॉटिंगवाला, कुठं सुट्टीत वजन वाढलेला मास्तर. आमच्याकडच्याचं नाव गावानं पहिल्याच आठवड्यात बदलून ‘माउंटन’ ठेवलं. आता त्याची आई सोडली तर त्याला पाळण्यातल्या नावानं कुणी हाक मारत नाही.

सायकलीची किंमत त्यानं मित्रांना सांगितली दीड लाख आणि वडिलांना सांगितली पंधरा हजार. वडील व्यवहारी. त्यांनी महिन्याभरात जावयाला ती वीस हजाराला ठरवून टाकली आणि वर पाच हजार फायदा काढून दिल्याबद्दल पोराकडून कौतुकाची अपेक्षा केली. त्या रात्री त्या घरात खरी किंमत जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी म्हातारा पारावर येऊन बसला आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, “एवढ्यात दोन जर्सी आल्या असत्या. शेण वेगळं.”

पोशाखावरही गावाचं बारीक लक्ष होतं. बुडाला गादी शिवलेली चड्डी तो घालतो, हे धुणं वाळत घातल्यावर सगळ्या आळीला कळलं. पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी तोंडात. पहिल्यांदा तो तसा निघाला तेव्हा शेजारचे अण्णा बांधावरून ओरडले, “कशावर फवारायला चालला रं? आमच्या तुरीवर पण मार दोन पंप!”

माउंटनचा खरा सोस सायकलीचा नाही, ट्रेलचा. ट्रेल म्हणजे जंगलातली, डोंगरउतारावरची अरुंद वाट. ती इथं नाही, हे तो मान्य करत नाही. वनखात्याच्या माळावर कडुनिंब, गिरिपुष्प आणि वेडी बाभूळ आहे, ते जंगल. उतारावर पाणी अडवायला सलग समतल चर खणलेत. एकामागून एक चर, मधे मातीचे उंचवटे. त्यावरून वरखाली करत जाण्याला तो ‘पंप ट्रॅक’ म्हणतो. मेंढरांनी पाडलेली वाट म्हणजे ‘सिंगल ट्रॅक’. जेसीबीनं मुरूम उचलून जो खड्डा झालाय तो ‘डेव्हिल्स ड्रॉप’. पावसाळ्यात आठ दिवस वाहणारा ओढा म्हणजे ‘व्हिस्परिंग व्हॅली’. मोबाइलच्या नकाशावर ही सगळी नावं त्यानं घातली आहेत. आमचा माळ त्यात बघितला तर आपण चुकून परदेशात जमीन घेतली की काय, असं वाटतं.

पाझर तलावाच्या भरावावरून तो एकदा उडी मारत होता. खाली शेळ्या राखत बसलेल्या आजीनं त्याला थांबवलं. “बाहत्तरच्या दुष्काळात या भरावावर पाट्या वाहिल्या आम्ही. डोक्यावर. तू उड्या कशापायी मारतो? खचला म्हंजी?” माउंटननं भराव किती टणक आहे ते सांगून बघितलं. “टणकच असणार,” आजी म्हणाली, “आम्ही धुम्मस केलंय.” तेव्हापासून तो तिथं उतरून सायकल हातात धरून चालतो. त्याचे बाकीचे गुण-दोष मांडताना ही गोष्ट मी जमेच्या बाजूला धरतो.

पण मिरजगावच्या मातीनं त्याची पहिली परीक्षा घेतली ती सराट्यानं. सराटा कसाही पडला तरी एक काटा आभाळाकडं करून बसतो. पहिल्या फेरीत अकरा पंक्चर. पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्यात बुडवली तर तिला चौफेर बुडबुडे. मग पुण्याहून ट्यूबलेसचं सामान आलं. टायरात पांढरं, चिकट, दुधासारखं औषध भरायचं. काटा लागला की ते भोकातून बाहेर येतं आणि घट्ट होतं. पंक्चरवाल्यानं बोटावर घेऊन वास बघितला. “हा तर चीक आहे. बाटली केवढ्याला?” आकडा ऐकून त्यानं उकिरड्यावरच्या रुईकडं नुसतं बोट दाखवलं. औषधात खरोखरच रबराचा चीक असतो, हे माउंटननं नंतर वाचलं. पंक्चरवाल्याला मात्र अजून सांगितलेलं नाही.

चहाच्या टपरीवर तो या खेळाचा इतिहास सांगतो. कॅलिफोर्नियातल्या मरिन भागात काही पोरं जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावर न्यायची आणि खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. उतारावर मागचा ब्रेक दाबून दाबून चाकाच्या तुंब्यातलं ग्रीस जळून जायचं, प्रत्येक फेरीनंतर पुन्हा भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नावच पडलं ‘रिपॅक’. तिथून वीस वर्षांत, १९९६ ला, हा खेळ अटलांटाच्या ऑलिम्पिकात. टपरीवर शांतता पसरली. मग एक म्हातारे म्हणाले, “म्हंजी वंगणाचीच गोष्ट म्हण की. आमच्या गाड्याला दर बाजाराला वंगण घालावं लागायचं. आमाला कुणी ऑलिम्पिकला नेलं न्हाई.”

रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं, १९८० सालचं. काळविटांना मात्र ही हद्द कुणी समजावलेली नाही. आजूबाजूच्या हरभऱ्यात ती दिसतातच. एकदा असा कळप बघून माउंटननं सायकल जोरात मारली. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत पळतं, हे त्याला माहीत होतं. कळप उधळेल, आपण मागं, असं चित्र त्याच्या डोळ्यापुढं. कळपानं माना वर केल्या, याच्याकडं बघितलं आणि पुन्हा हरभऱ्यात घातल्या. पळण्याच्या लायकीचंही समजलं नाही, याचं त्याला दोन दिवस वाईट वाटत होतं. हरभरा ज्याचा, त्याला दुसऱ्याच कारणानं.

खऱ्या दरीसाठी तो एकदा जामखेडवरून सौताड्याला गेला. तिथं बालाघाटाच्या कड्यावरून विंचरणा खाली उडी घेते आणि तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. खाली जायला पायऱ्या. सायकल खांद्यावर घेऊन तो पायऱ्या उतरला आणि सायकल खांद्यावर घेऊन वर आला. देवदर्शनाला आलेल्या एका माउलीनं विचारलं, “नवस व्हता का बाबा?”

आणि मग गेल्या साली ते वाटेचं प्रकरण झालं. म्हसोबाच्या माळाला जाणारी जुनी गाडीवाट एकानं नांगरून टाकली आणि वर बोरीच्या फांद्या लावल्या. पलीकडचे चार शेतकरी अडकले. ऊस बाहेर काढायला रस्ता नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यातल्या कलम ५ खाली असा अडवलेला रस्ता तहसीलदार खुला करून देऊ शकतात; पण अडवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज पाहिजे. नांगरणाऱ्याचं म्हणणं, इथं वाट कधी नव्हतीच. आणि असलीच तर दोन वर्षांपूर्वीच मोडली. साक्षीदार दोन्हीकडं भरपूर, आणि दोन्हीकडचे पाहुणेच.

तेव्हा कुणाला तरी माउंटन आठवला. तीन वर्षं दर रविवारी तो त्याच वाटेनं गेला होता आणि मोबाइलमध्ये तारीख, वेळ, नकाशा, सगळं नोंदलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा गावानं त्याला “या, बसा” म्हटलं. समोरच्याचा वकीलही तयार होता. मोबाइलचं मोजमाप पाच-सहा पावलं इकडंतिकडं चुकतं, असं त्यानं सुनावलं. कुणीतरी मागून म्हणालं, “मग तर गावातला बांधाचा एकपण वाद यात मावंल.” पण इथं प्रश्न फुटांचा नव्हता, वाट होती की नाही एवढाच होता.

स्थळपाहणीला मी हजर होतो. पंचनामा लिहिणाऱ्या भाऊसाहेबांनी मोबाइलमधली नावं जशीच्या तशी उतरवून घेतली. वाचून दाखवलं तेव्हा पंच टोप्या सावरत ऐकत होते: “सदर वाट डेव्हिल्स ड्रॉप येथून सुरू होऊन व्हिस्परिंग व्हॅलीकडे जाते. समक्ष पाहता डेव्हिल्स ड्रॉप येथे मुरमाचा खड्डा असून व्हिस्परिंग व्हॅली येथे ओढा आहे. ओढा कोरडा आहे.”

वाट खुली झाली. चौघा शेतकऱ्यांनी लगेच वर्गणी काढली, जेसीबी लावला, खाचखळगे बुजवले, मुरूम टाकून रोलर फिरवला. उसाची ट्रॉली डुलत निघाली. त्यांनी नारळ फोडायला माउंटनलाच बोलावलं. त्यानं फोडला. मग त्या सपाट, गुळगुळीत रस्त्याकडं बघत मला हळूच म्हणाला, “सगळा फ्लो गेला राव.”

हल्ली तो रविवारी टपरीवर जरा जास्त वेळ बसतो. शेतकरी भेटला की खुर्ची पुढं सरकवतो, चहा सांगतो आणि विचारतो, “तुमच्याकडची एखादी वाट कुणी अडवलीय का हो? अजून अर्ज केला नसेल तर बघून येतो म्हटलं.”