कोलंबीचा मानपान

आमच्या घराण्यात मधुमेह झाला तर सहानुभूती मिळते आणि रक्तदाब जडला तर थोडी प्रतिष्ठाही मिळते. मला चाळिशी उलटल्यावर कोलंबीची अ‍ॅलर्जी झाली, तेव्हा मात्र वाट्याला आला तो निव्वळ संशय. आम्ही सीकेपी. वांग्याच्या भाजीत सोडे, भानोल्यात कोलंबी, खिचडीत कोलंबी, आणि घरात काहीच नसेल त्या दिवशी जवळ्याची चटणी. अशा घरात कोणी कोलंबीला नको म्हटलं तर ‘तुला काय होतंय?’ असं कोणी विचारत नाही. ‘ह्याची सासुरवाडी कुठली?’ असं विचारतात. माझी सासुरवाडी पुण्याची आणि शाकाहारी. खटल्याचा निकाल तिथेच लागला.

प्रकार घडला तो ठाण्याला, चुलतभावाकडे. वहिनीच्या हातची कोलंबीची खिचडी, वर ओलं खोबरं, बाजूला सोलकढी. पानावरून उठायच्या आत तळहात खाजायला लागले. मग ओठ जड झाले. हात धुवायला बेसिनपाशी गेलो तर आरशात माझ्याऐवजी कोणी तरी रागावलेले गृहस्थ उभे होते. सदरा वर करून बघितलं, तर पोटावर रुपयाएवढ्या गांधी.

‘पित्त उठलंय,’ आत्याने पाटावरूनच निदान केलं. ‘आमसुलं आणा.’

सोलकढीसाठी भिजत घातलेली आमसुलं हाताशी होतीच. मानेपासून कमरेपर्यंत मला तो कोळ चोपडण्यात आला. तेवढ्यावर आत्याचं समाधान होईना, तिने शेजारी गेरू मिळतो का ते बघायला पुतण्याला पिटाळलं. तो येईपर्यंत माझा आवाज घोगरा झाला, घसा आवळल्यासारखा वाटायला लागला आणि भावाने आत्याचा विरोध डावलून मला गाडीत घातलं. इस्पितळात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. जांभळट लाल रंगाने माखलेला उघडाबंब इसम बघून ती किंचाळली नाही, हे तिचं शिक्षण.

‘रक्त कुठून येतंय?’

‘रक्त नाही, आमसूल आहे,’ भाऊ म्हणाला.

तिने पुढे काही विचारलं नाही. नाडी, रक्तदाब बघितला आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला थेट स्नायूत अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं. नुसती खाज असेल तर अ‍ॅलर्जीच्या गोळीवर भागतं. पण घसा आवळला, श्वास लागला, रक्तदाब घसरला, की पहिलं औषध अ‍ॅड्रिनलिन, आणि तिथे गोळीचा गुण येईपर्यंत थांबायचं नसतं. बरं वाटल्यावरही तिने मला काही तास हलू दिलं नाही, कारण ओसरलेला त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो. मी कॉटवर पडून होतो आणि दाराबाहेर कारणमीमांसा चालली होती. उन्हातून आला. उपाशीपोटी जास्त खाल्लं. दृष्ट लागली. कोणी तरी हळूच म्हणालं, ‘कोलंबीचा दोरा नीट काढला नसेल.’ हे वहिनीने ऐकलं. त्या वाक्याचे पडसाद घरात अजून उमटतात, माझ्या गांधी मात्र संध्याकाळपर्यंत मावळल्या होत्या.

पुढे अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी तोच युक्तिवाद केला जो घरी सगळे करत होते. ‘डॉक्टर, मी दात आल्यापासून कोलंबी खातोय. आजवर कधी काही झालं नाही.’ डॉक्टर म्हणाले, ‘पहिल्या भेटीत काही होत नसतंच.’ आणि त्यांनी जे समजावलं ते ऐकून माझ्या डोळ्यांपुढे थेट लग्नातला मानपान उभा राहिला. अहेराची साडी हलकी निघते, पण मांडवात नणंद एक शब्द बोलत नाही. हसतमुखाने जेवते, विडा खाते, घरी जाते. अढी मात्र बसलेली असते, आणि ती घरोघरी सांगून झालेली असते. स्फोट होतो तो पुढच्या कार्यात, तोही साखर कमी पडल्यावर. शरीरात नेमकं हेच चालतं. कोलंबीतलं एक निरुपद्रवी प्रथिन पोटात जातं, रोगप्रतिकार यंत्रणेतल्या पेशींचा काही तरी गैरसमज होतो आणि त्या प्रथिनाच्या आकाराला बेतून आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात. ही प्रतिपिंडं त्वचेखाली, नाकाघशात, श्वासनलिकेत, आतड्याच्या अस्तरात बसलेल्या मास्ट पेशींवर जाऊन ठाण मांडतात. बाहेर काही दिसत नाही, माणूस मजेत असतो. पुन्हा कधी ते प्रथिन आलं आणि शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम चिकटलं, की मास्ट पेशी आपल्या पोटातलं हिस्टामीन आणि इतर ऐवज बाहेर ओतते. हिस्टामीनमुळे बारीक रक्तवाहिन्या सैल पडून पाझरतात, म्हणून गांधी आणि सूज. मज्जातंतू चाळवतात, म्हणून खाज. श्वासनलिकेचे स्नायू आवळतात, म्हणून धाप. हेच सगळ्या अंगभर एकदम झालं तर रक्तदाब कोसळतो. म्हणजे कोलंबीने मला काहीही केलेलं नव्हतं. जे केलं ते घरच्यांनीच.

ही यंत्रणा ठेवलीच कशाला, असं मी चिडून विचारलं. तर ती मुख्यतः आतड्यातल्या जंतांसारख्या परजीवींशी लढायला असते म्हणे. जंत उरले नाहीत तरी खातं चालू आहे. सरकारी नोकरीत आयुष्य काढल्यामुळे मला हे चटकन पटलं.

या विषयात आमच्या आधी कोणी तरी अंगाला काही चोपडून घेतलं असेलच, म्हणून जरा वाचन केलं, तर फारच मातब्बर मंडळी भेटली. शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञाला मोनॅकोच्या राजपुत्राने आपल्या बोटीवरून सफरीला नेलं होतं. आपण असे जलविहाराला गेलो तर भेळ खाऊ. रिशे आणि त्याचा सहकारी पोर्तिए समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत बसले. परत आल्यावर त्यांनी कुत्र्यांना समुद्रफुलाच्या विषाचे छोटे डोस दिले. हेतू असा की हळूहळू सवय होईल. पण नेपच्यून नावाचा धडधाकट कुत्रा, पहिला डोस पचवलेला, काही आठवड्यांनी मिळालेल्या छोट्याशा डोसाने थोड्याच मिनिटांत गेला. ‘थोडं थोडं खा, सवय होईल’ या सिद्धांताला 1902 सालीच असा धक्का बसलेला आहे. 1913 मध्ये रिशेला त्यासाठी नोबेल मिळालं. आत्याला हे अजून कळलेलं नाही.

पण माझा खरा जीव जडला तो ब्रेस्लाऊच्या प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांवर. क्युस्टनरला मासे चालत नसत, प्राउस्निट्झला मुळीच त्रास नव्हता. आपल्याकडे अशा जोडीतल्या दुसऱ्याने पहिल्याच्या पानातला मासा उचलला असता आणि विषय संपला असता. प्राउस्निट्झने क्युस्टनरच्या रक्तातला द्रव काढून स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथे टम्म गांधी उठली. मित्राचा रुसवा याच्या अंगावर. 1921 सालच्या या प्रयोगाने सिद्ध झालं की अ‍ॅलर्जी मनात किंवा नखऱ्यात नसते, रक्तात असते, आणि सुईने दुसऱ्याला देताही येते. ती रक्तातली चीज कोणती, हे ओळखायला पुढे 1966 उजाडावं लागलं. इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत ती शोधली. नवराबायकोने मिळून एकाच भांडणाचं मूळ शोधून काढल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता माझ्या तपासणीबद्दल. डॉक्टरांनी माझ्या हाताच्या आतल्या बाजूला पेनने आकडे काढले आणि प्रत्येक आकड्यापाशी एकेका अर्काचा थेंब ठेवला. थेंबातून बारीक टोकाने कातडीला नुसतं टोचायचं. रक्त येत नाही. एक थेंब हिस्टामीनचा, तो उठलाच पाहिजे. एक मिठाच्या पाण्याचा, तो उठता कामा नये. मग पंधरा-वीस मिनिटं हात सरळ ठेवून, न खाजवता बसायचं. खाजवायचं नाही म्हटल्यावर मला नाकापासून टाचेपर्यंत सगळीकडे खाज सुटली, फक्त हात शांत होता. मग हळूहळू कोलंबीच्या आकड्याभोवती लाली आली आणि मधे पांढरट गांध वर आली. डॉक्टर पट्टी लावून मोजू लागले. त्यांनी बाजूचा आकडाही मोजला. तोही उठला होता.

‘हा कशाचा?’

‘झुरळाचा.’

मी म्हणालो, ‘डॉक्टर, झुरळ मी कधी खाल्लेलं नाही.’ ते म्हणाले, ‘खायला लागत नाही. घरातल्या धुळीतून नाकात जातं.’ कोलंबीतलं जे प्रथिन बहुतेकांना नडतं त्याचं नाव ट्रोपोमायोसिन. स्नायूंमधलं साधं प्रथिन. तेच, थोड्याफार फरकाने, झुरळात आणि अंथरुणातल्या धुळीच्या सूक्ष्म किड्यांत असतं. कोलंबी, खेकडा, झुरळ ही सगळी सांध्यासांध्यांच्या पायांची भावकी. तेव्हा अढी मुळात कोलंबीबद्दलच बसली असेल असं नाही. झुरळाने केलेला अपमान कोलंबीच्या नावावर चढलेला असू शकतो. शिवाय हे प्रथिन उकळल्याने, तळल्याने मोडत नाही. त्यामुळे ‘नीट शिजवली असती तर’ हा मुद्दाही बाद झाला.

हे मी घरी जेवताना सांगायला नको होतं असं सौभाग्यवतींचं मत आहे. पापलेटचा तुकडा हातात धरून चुलतभाऊ माझ्याकडे बघत राहिला. आत्या म्हणाली, ‘आमच्या कोलंबीला झुरळ म्हणतोस? पुण्याचं पाणी लागलं हो ह्याला!’

आत्याची बाजू सगळीच लंगडी नाही, हेही सांगायला हवं. तिचा एक सिद्धांत असा होता की मासळी शिळी असेल. कोलंबीबाबत तो चुकला, पण बांगड्याबाबत खरा आहे. बांगडा, कुपा यांसारखे मासे बर्फाविना पडून राहिले की त्यांच्यात जिवाणू स्वतःच हिस्टामीन तयार करतात. ते शिजवून जात नाही. मग अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसाचंही तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर उठतं, आणि पंगतीतल्या बऱ्याच जणांचं एकदम उठतं. अ‍ॅलर्जीत मात्र सगळे ढेकर देत असतात आणि एकटाच सुजत असतो.

खरी अडचण रोगाची नाही, आग्रहाची आहे. ‘नुसता रस्सा घे, कोलंबी बाजूला काढ.’ ‘एक खाऊन काय होतंय?’ ‘औषध घेऊन खा.’ सुरमई वेगळी तळली म्हणतात, पण कालथा तोच आणि तेलही तेच. हॉटेलात तर मी वेटरला कळवळून सांगितलं की बाबा, यात कोलंबी नाही ना? तो म्हणाला, ‘कोलंबी नाही साहेब, प्रॉन्स आहेत.’ पुड्यातल्या पदार्थांवर निदान अ‍ॅलर्जी आणणारे घटक छापलेले असतात, तसा नियमच आहे. आत्याच्या डब्यांवर ‘बेसन’ लिहिलेलं असतं आणि आत जवळा असतो.

त्यातून आमची पत घालवली ती हौशी अ‍ॅलर्जीवाल्यांनी. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना दोडक्याची अ‍ॅलर्जी आहे, पडवळाचीही आहे, पण भज्यांत घातलं तर नाही. दुसऱ्यांना दुधाची. दूध प्यायल्यावर पोटात गुडगुडतं, वारा धरतो. ती अ‍ॅलर्जी नव्हे, दुधातली साखर पचवणारं विकर कमी पडतं एवढंच. प्रतिकार यंत्रणेचा तिथे काही संबंध नाही, आणि दही त्यांना बहुधा चालतं. दुधाची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या तान्ह्या बाळाला मात्र चमचाभर दूधही महागात पडू शकतं. दोन्हींना एकच नाव मिळाल्यामुळे त्या बाळाच्या आईकडेही लोक दोडकेवाल्यांकडे बघावं तसं बघतात.

एका बाबतीत मात्र आत्याने विज्ञानावर मात केली. बाळांना शेंगदाणा उशिरा द्यावा असं पाश्चात्त्य डॉक्टर बरीच वर्षं सांगत होते. मग लंडनमध्ये, जास्त धोका असलेल्या काही शे बाळांवर अभ्यास झाला. 2015 मध्ये निकाल आला. ज्यांनी पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ खायला सुरुवात केली, त्यांच्यात पाच वर्षांचं होईपर्यंत ती अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी निघाली. पचनसंस्थेतून लवकर ओळख झाली की यंत्रणा त्या पदार्थाला घरचं मानते. अख्खा दाणा बाळाच्या घशात अडकतो, तो द्यायचा नाही. ज्या बाळाच्या अंगावर जोराचा इसब आहे त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारायचं. हे सगळं मी भाच्याच्या मुलीच्या उष्टावणात सांगत होतो, तोवर आत्याने कुटाची पातळ पेज तिला भरवूनही झाली होती.

आता माझ्याजवळ एक पाऊच असतो. त्यात अ‍ॅड्रिनलिनची कुपी, सिरिंज, गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी. कुपी कशी फोडायची, किती भरायचं, कुठे टोचायचं हे मी आणि सौभाग्यवतींनी शिकून घेतलंय. परवा उघडून बघितला तर आत प्लॅस्टिकच्या पुडीत चार आमसुलंही होती. कोणी ठेवली ते विचारावं लागलं नाही.

मागच्या महिन्यात अलिबागला लग्न होतं. आग्रहाला तोंड देण्याची वेळ माझ्यावर आलीच नाही. आत्याने वाढप्यांना आधीच एका रांगेत उभं करून माझ्याकडे बोट दाखवलं होतं. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात ती सांगत होती, ‘ह्याला कोलंबी वाढू नका रे. झुरळाची अ‍ॅलर्जी आहे त्याला.’

त्या पंगतीत कोलंबी कोणीच घेतली नाही.